माय-आजीची गोधडी जपू या

नाशिकची त्रिरश्मी लेणी आपण सहकुटुंब पाहतो. पण दहाव्या लेण्यातला जमाखर्च किती जणांनी वाचला आहे? क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा १ व्याजाने ठेवले. वर्षाचे व्याज झाले २४०. त्यातून वर्षावासातील २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळत. कापडाचे मोल आपल्या गावात असे दगडावर कोरलेले आहे.

चीवर जुने झाले तरी वाया जात नसे. जुन्या चीवरांचे काय करता, असे राजा उदेनाने विचारले, तेव्हा आनंदांनी हिशेब दिला : आधी आच्छादने, मग बिछान्याच्या खोळी, पायपुसणी, फडकी, शेवटी चिंध्या कुटून चिखलात कालवायच्या आणि जमीन लिंपायची. विनयपिटकातली ही गोष्ट आपल्या आयांनी वाचली नव्हती. तरी लुगडे विरले की गोधडी, गोधडी विरली की बाळाचे अंथरूण, असाच त्यांचा संसार होता.

आज तीच गोधडी एका पातेल्यावर बोहारणीकडे जाते. जिला सही येत नव्हती, त्या बाईच्या हातची तेवढीच नोंद घरात उरलेली असते. ती कशी राखावी?

जुने टाके उसवू नयेत. ठिगळ वापरून मऊ झालेल्या सुती कापडाचेच लावावे. कोरे कापड आटते आणि जुन्याला ओढते. ठिगळ भोकाच्या पुढे, धड कापडापर्यंत न्यावे, कडा आत दुमडून हाताने धावदोरा घालावा. दोरा सुतीच हवा, नायलॉनचा दोरा विरलेले कापड कापतो. काठ झिजला असेल तर सुती पट्टीचा गोट लावावा.

धुण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्याने रंग जातो का ते पाहावे. रिठ्याच्या पाण्यात भिजवावी. आपटू, पिळू नये. ओली गोधडी दोरीवर टाकली तर स्वतःच्याच वजनाने फाटते. खाली चादर धरून उचलावी, सावलीत खाटेवर पसरावी. प्लास्टिकच्या पिशवीत दमट होते, म्हणून धुतलेल्या धोतरात गुंडाळावी आणि पावसाळा सरला की उलगडून वारा द्यावा.

शेवटचे काम लेखणीचे. कोणी शिवली, कोणत्या गावी, त्यात कोणाकोणाची लुगडी आहेत, हे कागदावर लिहून सोबत ठेवावे. कोणाची आजी २ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहात असेल, तर तेही लिहावे. घरात जाणते माणूस आहे तोवर, येत्या रविवारीच त्यांच्याजवळ बसून विचारून घ्यावे.