सिद्धटेकची सोंड, पानिपतची गोळी

अष्टविनायकांपैकी एकच गणपती नगर जिल्ह्यात येतो, आणि आठांत उजव्या सोंडेचा तोही तोच: कर्जत तालुक्यातला, भीमेकाठचा सिद्धटेकचा सिद्धिविनायक. उजव्या सोंडेचा देव कडक, त्याचं सोवळंही कडक, हे आमच्याकडं शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. म्हणून विज्ञानकथेच्या वाटेला कधी न गेलेल्या नगरकराला पहिली कथा कोणती द्यायची, असं कुणी विचारलं की मी विचार करत बसत नाही. जयंत नारळीकरांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ द्यावी. एक क्रिकेटपटू, एक गणपतीची मूर्ती आणि मोबियसची पट्टी एवढ्यावर ती उभी आहे. कागदाच्या पट्टीला अर्धा पीळ देऊन टोकं चिकटवली की तिला दोन बाजू उरत नाहीत, एकच उरते. अवकाशालाच असा पीळ असेल तर त्यातून फिरून आलेल्या माणसाचं डावं-उजवं काय होईल? पुढचं सांगत नाही. मात्र श्रद्धेची टिंगल न करता त्याच श्रद्धेतला तपशील कथेच्या कामाला लावणं लेखकाला जमलंय, आणि पुरोगामी म्हणवणाऱ्या आमच्या पुष्कळ कथाकारांना ते साधलेलं नाही.

नारळीकर कथेकडे आले तेही गमतीनं. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं पाठवली. जयंत विष्णू नारळीकर यांची आद्याक्षरं उलटी केली की हे नाव तयार होतं. नावाजलेल्या खगोलशास्त्रज्ञाला भिडेखातर बक्षीस मिळू नये म्हणून केलेली ही युक्ती. पहिला क्रमांक आलाच. त्यांचे गुरू फ्रेड हॉईल यांनी १९५७ सालीच ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी लिहिली होती, तेव्हा शास्त्रज्ञानं कथा लिहिणं त्यांना परकं नव्हतं. मराठी समीक्षेला मात्र ते पचायला वेळ लागला.

तरी त्यांची एकच कथा निवडा म्हटलं, तर मी गणपतीही बाजूला ठेवून ‘गंगाधरपंतांचं पानिपत’ उचलीन. विश्वासरावांना लागलेली गोळी कानाजवळून निघून गेली असती तर? इतिहासाच्या प्राध्यापक गंगाधरपंतांना पुण्यात अपघात होतो आणि ते भलत्याच मुंबईत पोचतात. मराठे पानिपत जिंकलेले आहेत आणि ईस्ट इंडिया कंपनी अजून मुंबईत दुकान मांडून बसली आहे. अकरावीच्या केंद्रीय इंग्रजी पाठ्यपुस्तकात ही कथा ‘द अॅडव्हेंचर’ म्हणून आहे. प्रश्नोत्तरांपुरती ती वाचणाऱ्या अनेक मराठी मुलांना तिचं मूळ आपल्याच भाषेत असल्याचा पत्ताही नसतो.

नगरकरानं ती भुईकोट किल्ल्याच्या खंदकाशी उभं राहून आठवावी. १७५९ मध्ये पेशव्यांनी हा किल्ला किल्लेदार कवी जंगाकडून पैसे मोजून घेतला. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला उदगीरची लढाई झाली, मग परतूर, आणि परतूरहून भाऊसाहेबांनी उत्तरेची वाट धरली. याच किल्ल्यात १९४२ ते १९४५ पंडित नेहरू कैदेत होते आणि ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ त्यांनी इथंच लिहिलं. गोळी चुकली असती तर ते पुस्तक लिहायला नेहरूंना नगरला यावं लागलं असतं का? वाचकाच्या डोक्यात असले प्रश्न सोडून देणारी कथा मी उत्तम मानतो.

‘धूमकेतू’ही वाचाच. धूमकेतू पृथ्वीवर आदळणार म्हणून शास्त्रज्ञ त्याला वाटेतून हुसकायला निघतात आणि इकडे घरी शांतियज्ञ चालू असतो. संकट टळल्यावर श्रेय कुणाला जातं, हे आपल्या देशात सांगायची गरज नाही.

नारळीकरांची उणीवही सांगायला हवी. त्यांची पात्रं पातळ आहेत. प्राध्यापक बोलतो, समोरचा ‘म्हणजे कसं?’ विचारतो, मग प्राध्यापक फळ्याजवळ जातो. विज्ञानकथेनं विज्ञान शिकवावं, हा आग्रह मराठीत फार काळ टिकला आणि त्यात कितीतरी कथा गुदमरल्या. ‘वामन परत न आला’ या कादंबरीत हे कमी जाणवतं. खोदकामात सापडलेली एक पेटी, तिच्यात नाहीशा झालेल्या प्रगत संस्कृतीचं ज्ञान, त्यातून घडवलेला वामन नावाचा यंत्रमानव, आणि आपल्यासारखेच आणखी घडवण्याची त्याला लागलेली ओढ. कृत्रिम बुद्धिमत्तेवर रोज रकाने भरणाऱ्यांनी निदान एकदा तरी ती चाळावी. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. श्रद्धांजल्यांमध्ये या कादंबरीचं नाव मला हवं तितकं दिसलं नाही.

त्यांच्या आधी मराठीत काही नव्हतं असं मात्र नाही. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी पोरांच्या हातात दिला. त्यांचं ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ हे नाव मूळ नावापेक्षा सरस आहे, यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे. मुलांसाठी सुरुवात तिथून करावी; फुरसुंगीचा फास्टर फेणे आपोआप मागून येतो. मोठ्यांसाठी अनंत अंतरकरांचं ‘नवल’ होतं आणि नारायण धारप होते. धारपांवर उसनवारीचा आरोप होतो, तो खोटा नाही: ‘लुचाई’मागे स्टीफन किंगची ‘सेलम्स लॉट’ आहे. पण तालुक्याच्या गावातला बंद वाडा, परसातली विहीर, तिन्हीसांजेची भीती हे त्यांचं स्वतःचं. ‘तुंबाड’ सिनेमा २०१८ साली गाजला आणि धारपांचं नाव नव्या पिढीच्या कानी पडलं, हे बरं झालं.

नगरचं जिल्हा वाचनालय १८३८ सालचं, राज्यातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी एक. असल्या पुस्तकांसाठी जुन्या वाचनालयाला पर्याय नाही, कारण यातली बरीच नव्या दुकानात मिळत नाहीत. लक्ष्मण लोंढ्यांची ‘दुसरा आइन्स्टाइन’ शोधा. मरणाच्या दारातल्या शास्त्रज्ञाचा मेंदू वाचवण्याचा तो खटाटोप आहे, आणि प्रश्न विज्ञानाचा कमी, मालकीचा जास्त आहे. चिंतामणी देशमुखांबरोबर त्यांनी लिहिलेली ‘देवांसि जिवे मारिले’ सापडली तर सोडू नका. शुभदा गोगट्यांची ‘यंत्रायणी’ यंत्रांच्या हाती कारभार गेल्यावर माणसाचं काय होतं ते विचारते. बाळ फोंडके आणि निरंजन घाटे भरपूर लिहिणारे, म्हणून निवडून वाचावेत. सुबोध जावडेकर निवडायची गरज नाही. ‘गुगली’पासून सुरू करा, माणसाचा तिरकसपणा त्यांच्याइतका दुसऱ्या कुणी विज्ञानकथेत आणलेला नाही.

अद्‌भुताच्या बाजूला आलं की मी जरा अडखळतो. नेवाशाला खांबाला टेकून १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्या रेड्याच्या तोंडून वेद वदवले त्याची समाधी नगर-कल्याण रस्त्यावर आळ्याला आहे. त्याच जुन्नर तालुक्यात, खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आकाश ऐकत असते. सकाळी समाधी आणि दुपारी दुर्बीण पाहून आमची माणसं संध्याकाळी घरी येतात, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नाही. चमत्कार इतका हाताशी असल्यावर वेगळी अद्‌भुत कादंबरी लिहायची भूक आपल्याला लागलीच नसावी, असा माझा तर्क आहे.

याला सणसणीत अपवाद जी. ए. कुलकर्णी. धारवाडला इंग्रजी शिकवणाऱ्या या माणसानं ‘रमलखुणा’त ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोन दीर्घकथा दिल्या. कुठल्याही नकाशात नसलेले प्रदेश, अनोळखी देव, नियतीचा शोध. टॉल्कीनच्या भक्तांनी त्या जरूर वाचाव्यात, पण तिथं लढाई जिंकून घरी परतायची सोय नाही. सलग वाचू नका, एका बैठकीत एकच. सोलारिस ग्रहावरच्या समुद्रापुढे माणसाची अक्कल कशी थिटी पडते ते सांगणारा पोलंडचा स्तानिस्लाव लेम मला जीएंच्या शेजारी ठेवावासा वाटतो.

आणि नगरची स्वतःची विज्ञानकथा? संगमनेरला भौतिकशास्त्र शिकवणारे रंगनाथ पठारे ‘ताम्रपट’ आणि ‘सातपाटील कुलवृत्तांत’ लिहून मोकळे झाले. ‘सातपाटील’ शतकांतून ज्या सहजतेनं ये-जा करते, ती पाहून त्यांनी एखादं कालयंत्रही बांधायला हवं होतं असं वाटत राहतं.

कच्चा माल पडलेला आहे. निघोजला कुकडीच्या पात्रातल्या रांजणखळग्यांमध्ये कॅमेरा नेला तर परग्रहाचा देखावा वेगळा उभारावा लागणार नाही. श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेकाठी दायमाबादला, ‘कृष्णविवर’च्याच १९७४ साली झाडाचं मूळ खणताना कांस्याचे चार जड पुतळे निघाले: हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैलांचा रथ. रथात माणूस उभा आहे आणि दांडीवर एक कुत्रं. त्यांच्या काळावरून तज्ज्ञ वाद घालतात. कथाकाराला एवढी फट पुरे. राहुरी-नेवाशाकडच्या कुणा लिहित्या पोरीनं त्या कुत्र्यापासून सुरुवात करावी. तोवर खोदकामातल्या पेटीतून घडलेला वामन आहेच, वाचनालयात मागा.