कॅम्पहिल : सहनिवासातून सेवा

डाउन सिंड्रोम ही पेशींमध्ये एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असल्यामुळे उद्भवणारी जन्मजात अवस्था आहे, हे १९५९ मध्ये उघड झाले. परंतु त्यापूर्वीच, १९४० मध्ये, नाझी राजवटीमुळे व्हिएन्ना सोडावे लागलेले बालरोगतज्ज्ञ कार्ल क्योनिग यांनी स्कॉटलंडमधील ॲबर्डीनजवळ, डी नदीकाठच्या कॅम्पहिल या वास्तूत, डाउन सिंड्रोमसह बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी निवासी वसाहत सुरू केली. पुढे अनेक देशांत पसरलेल्या या वसाहतींमध्ये परदेशांतून, विशेषतः जर्मनीतून, तरुण स्वयंसेवक बहुधा वर्षभरासाठी येतात आणि वेतनाऐवजी निवास, भोजन व हातखर्च घेऊन मुलांच्याच घरात राहतात, म्हणजे त्यांना न्हाऊमाखू घालण्यापासून बागकामापर्यंत सारा दिवस त्यांच्या सोबतीत जातो. डाउन सिंड्रोममध्ये स्नायू शिथिल असल्याने उच्चार पुष्कळदा अस्पष्ट राहतात, म्हणून ब्रिटनमध्ये बोलण्याच्या जोडीला हातांच्या खुणा वापरणारी ‘मकाटॉन’ ही पद्धत रूढ आहे, आणि भाषेला नवख्या असलेल्या परदेशी स्वयंसेवकालाही या खुणांचा मोठा आधार होतो. मात्र वर्ष सरताच तो निघून जातो आणि लळा लागलेल्या मुलाला ताटातूट सोसावी लागते. या व्यवस्थेतील ही खरी उणीव असून, दीर्घकाळ राहणारे सहनिवासी घरात असल्याखेरीज ती भरून निघत नाही.