प्रलयोत्तर रोल-प्लेइंग गेम
संस्कृती कोसळल्यानंतरच्या जगात घडणारा व टेबलाभोवती संवाद आणि फासे यांच्या आधारे खेळला जाणारा कथाखेळ म्हणजे प्रलयोत्तर रोल-प्लेइंग गेम होय. 'गॅमा वर्ल्ड' (१९७८) हा त्याचा आरंभीचा नमुना. 'ट्वायलाइट: २०००' (१९८४) या खेळाच्या एका पूरक पुस्तकात पोलंडमधील क्राकुफ हे खरे शहर कथास्थळ आहे.

खरे शहर निवडल्यास गेम मास्टर, म्हणजेच खेळाचा सूत्रधार, पाणी, वीज व वाटा कोणाच्या हाती राहतील हे आधी ठरवतो. उदाहरणार्थ, लोणावळ्याच्या नकाशावर वलवण धरणाचे पाणी घाटाखाली खोपोलीच्या जलविद्युत केंद्राकडे जाते. बोरघाट अडवल्यास मुंबई-पुणे रस्ता व लोहमार्ग दोन्ही तुटतात. लोहगड आणि विसापूर हे किल्ले आश्रयस्थान ठरू शकतात. परिसर ओळखीचा असल्याने खेळाडूंना प्रत्येक निर्णयाची किंमत चटकन उमगते.

मात्र खऱ्या स्थळाला खऱ्या जखमाही असतात. पवना जलवाहिनीविरोधी आंदोलनात ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यामुळे तेथील पाणीसंघर्ष कथेत आणण्यापूर्वी सर्व खेळाडूंची संमती घेणे आवश्यक ठरते.