पहिली कट्यार

‘संग्रह? एकाच कट्यारीचा?’ आमच्या काचेच्या कपाटात डोकावून शेजारीण हसली. म्हटलं, ‘अगं, सुरुवात एकीनेच होते ना!’ पण ही एक निवडताना माझी किती घालमेल झाली, ते आज सांगते, मैत्रिणींनो.

भाचीच्या नवऱ्याची नोकरी जाकार्ताला. तिच्याकडे गेले, तेव्हा ती म्हणाली, ‘आत्या, तुला सोलो दाखवते.’ मध्य जावातल्या या शहरात २०१७ मध्ये सुरू झालेलं खास क्रिसचं संग्रहालय आहे. क्रिस म्हणजे तिथली परंपरागत कट्यार. पातं सरळ, नाहीतर नागासारखं वळणांचं. वळणं मोजली तर नेहमी विषम! लोखंड आणि निकेल असलेल्या धातूचे थर लोहार तापवतो, ठोकतो, दुमडतो, पुन्हा ठोकतो. त्यातून पात्यावर नक्षी उमटते, तिला ‘पामोर’ म्हणतात. २००५ मध्ये युनेस्कोनेही या कलेचा गौरव केला.

दुसऱ्या दिवशी सुकुहचं पंधराव्या शतकातलं मंदिर पाहिलं. तिथल्या शिल्पात भीम चक्क लोहार झालाय, अर्जुन भाता चालवतोय आणि मधे गणपती नाचतोय! मला तर माहेरचंच कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं.

मग काय, एक तरी क्रिस घ्यायचीच ठरवलं. भाची म्हणाली, ‘इथे क्रिसची किंमत विचारत नाहीत, मेहेर विचारतात.’ म्हणजे लग्नात नवरीला द्यायचा तो! क्रिस विकत घ्यायची नसते, सन्मानाने घरी आणायची असते.

दुकानात बसलो असताना माझ्याच वयाची एक बाई आली. कापडात गुंडाळलेली क्रिस तिने हळूच सोडली. सासऱ्यांची होती, मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. मंगळसूत्र गहाण टाकायला निघालेल्या आमच्या बचत गटातल्या बायकांचा चेहरा मला आठवला. दुकानदार म्हणाला, ‘तुम्हीच घ्या, जुनी आहे, सुंदर आहे.’ होतीच सुंदर. पण माझा हात पुढे होईना. शेवटी त्यानेच ती घेतली, थोडक्या पैशांत. मी नाही घेतली, म्हणून तिचं काही भलं झालं का? नाही. ते आजही मनाला लागतं.

मात्र एक ठरलं. कुणाच्या देव्हाऱ्यातली वस्तू माझ्या कपाटात नको. शिवाय जुना वारसा परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. आणि जुनी म्हणून विकतात, त्यातल्या काही ॲसिड लावून जुन्या दिसवलेल्या असतात. मी लोहाराच्या भट्टीवर गेले, नवी घेतली. मेहेर थेट त्याच्या हातात ठेवला. बायकांसाठीची लहान क्रिस असते, तिला ‘पात्रेम’ म्हणतात, तीच निवडली. कायद्याची आणि कस्टम्सची चौकशी आधी केली. ती तुम्हीही करा.

जावात ‘सुरो’ या वर्षाच्या पहिल्या महिन्यात क्रिस धुतात. नक्षी उठावी म्हणून लिंबाच्या रसात सोमल मिसळतात. ते विष! घरी मुळीच करू नका. मी नुसतं मऊ कापडाने पुसून हलकं तेल लावते, तेही खंडेनवमीला.

दुसरी कधी? येईल तेव्हा येईल. पण कुणाच्या घरातून ओढून आणलेली नसेल, एवढं नक्की.