लस, मास्क, रक्ततपासणी आणि भेदभाव: गैरसमज आणि वस्तुस्थिती

आजार, लस किंवा तपासणीचा निकाल या कारणावरून कोणाशीही भेदभाव करता येणार नाही, असे एका वाक्यात सांगणारा सर्वसमावेशक कायदा भारतात नाही. राज्यघटनेचे कलम १५ धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान या कारणांवरून भेदभाव करायला राज्याला मनाई करते. प्रकृतीचा उल्लेख त्यात नाही. जे संरक्षण आहे ते तुकड्यातुकड्यांनी उभे राहिले आहे. एचआयव्हीसाठी एक कायदा, दिव्यांगांसाठी दुसरा, साथीच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी तिसरा, आणि उरलेल्या जागेत राज्यघटनेच्या कलम १४ (समानता) व कलम २१ (जीवन व व्यक्तिस्वातंत्र्य) यांचा न्यायालयांनी लावलेला अर्थ. त्यामुळे गैरसमज दोन्ही टोकांना आहेत. कायद्यात काहीच नाही असे काहींना वाटते, तर कायद्याने सगळी सक्ती बंद केली आहे असे इतरांना.

गोंदिया जिल्ह्यात हा विषय कोरोनाबरोबर आला नाही आणि त्याच्याबरोबर संपलाही नाही. पूर्व विदर्भातील गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर आणि नागपूर हा सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा पट्टा आहे. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतील आश्रमशाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांना सिकलसेलची रक्ततपासणी नवी नाही. तपासणीचा कागद घरी गेल्यावर त्याचे काय होते, हा इथला खरा प्रश्न आहे.

‘लस सक्तीची होती’ आणि ‘न्यायालयाने सगळेच निर्बंध बेकायदा ठरवले’

कोरोना लस घेतलीच पाहिजे असा केंद्राचा कायदा कधीही नव्हता. संमतीशिवाय कोणालाही लस दिली जात नाही आणि कोणत्याही कामासाठी लसीचे प्रमाणपत्र बंधनकारक केलेले नाही, असे प्रतिज्ञापत्र केंद्र सरकारने जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दिले. राज्यांचे आदेश मात्र वेगळे होते. महाराष्ट्राच्या २७ नोव्हेंबर २०२१ च्या आदेशाने दुकाने, मॉल, समारंभ आणि सार्वजनिक वाहतूक यांसाठी दोन्ही मात्रा पूर्ण झाल्याची अट घातली होती. लस न घेतल्याबद्दल शिक्षा नव्हती, पण लस न घेणाऱ्याचा वावर बंद होत होता. लोकांना ही सक्ती वाटली यात नवल नाही.

बालरोगतज्ज्ञ डॉ. जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर २ मे २०२२ रोजी न्या. एल. नागेश्वर राव आणि मूळचे अमरावतीचे न्या. भूषण गवई यांच्या खंडपीठाने निकाल दिला. शरीराची अखंडता कलम २१ ने संरक्षित आहे आणि कोणालाही लस घ्यायला भाग पाडता येणार नाही, हा त्यातला सर्वांना माहीत असलेला भाग. बाकीचा निकाल फारसा कोणी वाचत नाही. केंद्राचे लसीकरण धोरण न्यायालयाने मनमानी ठरवले नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार व्यक्तीच्या हक्कांवर मर्यादा घालू शकते, मात्र त्यासाठी कायद्याचा आधार, रास्त हेतू आणि प्रमाणबद्धता या तीन कसोट्या पार कराव्या लागतात, असे न्यायालयाने सांगितले. लस घेतलेल्यांपेक्षा न घेतलेल्यांकडून संसर्ग जास्त पसरतो असे दाखवणारी पुरेशी माहिती सरकारांनी समोर ठेवली नाही, म्हणून केवळ त्यांच्यावरचे निर्बंध त्या वेळच्या परिस्थितीत प्रमाणबद्ध ठरले नाहीत. हा निकाल त्या परिस्थितीपुरता आहे. पुढच्या एखाद्या साथीत लसीने संसर्ग रोखला जातो हे दाखवता आले, तर उत्तर वेगळे येऊ शकते.

मास्कला हा निकाल लागूच नव्हता. कोरोनाकाळातील वर्तनाचे इतर नियम आपल्या निरीक्षणांच्या कक्षेबाहेर आहेत, असे खंडपीठाने स्पष्ट केले होते. मास्कच्या सक्तीला आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ आणि साथरोग कायदा, १८९७ यांचा आधार होता, त्यामुळे ‘मास्कचा दंड बेकायदा होता’ हे म्हणणे टिकत नाही. राज्याच्या २७ नोव्हेंबरच्या आदेशात एक बारीक अट होती: रुमाल म्हणजे मास्क नव्हे, रुमाल बांधणाऱ्यालाही दंड. शेतात आणि बाजारात तोंडाला दुपट्टा गुंडाळून वावरणाऱ्या गोंदियाच्या माणसाच्या अंगवळणी पडायला ही अट सोपी नव्हती. एप्रिल २०२२ च्या सुरुवातीला राज्याने निर्बंध उठवले आणि मास्क ऐच्छिक झाला.

त्या काळातली एक तरतूद अजूनही कायम आहे आणि ती दुर्लक्षित राहते. नर्सला खोली रिकामी करायला लावणे, आशा कार्यकर्तीला वस्तीत येऊ न देणे असे प्रकार देशभर घडू लागल्यावर एप्रिल २०२० मध्ये अध्यादेशाने आणि सप्टेंबरमध्ये संसदेने साथरोग कायद्यात दुरुस्ती केली. तिच्यातील ‘हिंसाचार’ म्हणजे फक्त मारहाण नाही. आरोग्य कर्मचाऱ्याला राहणे किंवा काम करणे अशक्य होईल असा छळही त्यात येतो, आणि गावपातळीवरचे आरोग्य कर्मचारीही. शिक्षा ३ महिने ते ५ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. गंभीर दुखापतीला ती ७ वर्षांपर्यंत जाते. हे कलम मात्र साथ सुरू असतानाच लागू पडते.

‘सिकलसेल पॉझिटिव्ह म्हणजे आजारी’

इथे वैद्यकीय गैरसमज आणि कायद्याचा गैरसमज एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून आधी तपासणी नीट समजून घ्यावी लागते.

शाळेत किंवा आरोग्य केंद्रात सहसा सोल्युबिलिटी चाचणी होते. बोटातून घेतलेले थोडे रक्त द्रावणाच्या नळीत टाकतात आणि थोड्या वेळाने ती नळी काळ्या रेघा ओढलेल्या पांढऱ्या कागदासमोर धरतात. नळीतून रेघा स्वच्छ दिसल्या तर चाचणी निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच यावरून कळते. ते आई आणि वडील या दोघांकडून आले की एकाकडूनच, हे ही नळी सांगू शकत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी चाचणी लागते. दोघांकडून दोष आलेला असेल तर ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. एकाकडूनच आला असेल तर ‘एएस’, म्हणजे वाहक.

वाहक आजारी नसतो. तो शेतात राबतो, शाळेत धावतो आणि बहुधा आयुष्यभर त्याला काहीही होत नाही. पण पहिल्या नळीचा निकाल ऐकून ‘पोरीला सिकलसेल आहे’ असे गावभर झाले की दुसऱ्या चाचणीचा कागद येईपर्यंत स्थळ परत गेलेले असते. हे नुकसान अर्धवट तपासणीमुळे आणि फुटलेल्या गुप्ततेमुळे होते. आजाराचा त्यात काही संबंध नसतो.

सिकलसेल अमुक जातीचाच, हाही जुना समज. विदर्भातील सिकलसेलवर नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. त्यानंतरच्या अभ्यासांत तो अनुसूचित जाती-जमातींमध्ये जास्त आढळला, पण इतर मागास समाजांतही सापडला. तो शिवण्याने, एका ताटात जेवल्याने किंवा एका खोलीत झोपल्याने पसरत नाही. वसतिगृहात सिकलसेलचा रुग्ण असलेल्या मुलाचे अंथरूण वेगळे घालण्याला वैद्यकीय आधार शून्य आहे. त्याला मुबलक पाणी, लघवीला जाण्याची मोकळीक, थंडीपासून बचाव आणि अति श्रमांतून सूट हवी असते.

ही सूट म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यातील २१ प्रकारांत सिकलसेल आजार, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे रक्ताचे तीन आजार आहेत. या कायद्यात वाजवी सोय नाकारणे हाच भेदभाव मानला आहे. वर्गात पाण्याची बाटली ठेवू न देणे किंवा वेदनेच्या झटक्यामुळे बुडालेली परीक्षा पुन्हा देण्याची सोय न करणे, या गोष्टी त्या व्याख्येवर तपासता येतात. सरकारी आस्थापनेला नोकरीत दिव्यांगाशी भेदभाव करायला मनाई आहे आणि समान संधीचे धोरण खासगी आस्थापनेलाही जाहीर करावे लागते. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंड आहे, पुढे तो ५० हजार ते ५ लाखांपर्यंत जातो. दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणे हा ६ महिने ते ५ वर्षे कैदेचा गुन्हा आहे.

प्रमाणपत्र मिळाले की सरकारी नोकरीत आरक्षण मिळते, ही अपेक्षा मात्र चुकीची आहे. नोकरीतील ४ टक्के आरक्षणाच्या गटांत रक्ताचे आजार नाहीत. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांतील ५ टक्के जागांसाठी, दिव्यांगत्व ४० टक्क्यांहून कमी नसेल, तर सिकलसेल रुग्णाला अर्ज करता येतो. एसटीच्या प्रवास सवलतीतही सिकलसेल रुग्णांचा समावेश आहे.

हे सारे रुग्णासाठी. ज्याला कसलाच आजार नाही तो वाहक दिव्यांग कायद्यात बसत नाही, आणि जनुकीय माहितीवरून होणारा भेदभाव रोखणारा वेगळा कायदा भारतात नाही. सगळ्यात मोठी फट ही आहे, आणि गोंदियासारख्या जिल्ह्यात ती हजारो निरोगी माणसांना लागू पडते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ० ते ४० वयोगटातील ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासणी एवढी वाढत असताना निकालाच्या संरक्षणाचा कायदाही तिच्याबरोबर यायला हवा होता.

अमेरिकेने ही चूक आधी करून पाहिली आहे. तिथे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अनेक राज्यांनी कृष्णवर्णीयांसाठी सिकलसेल तपासणी सक्तीची केली. वाहक आणि रुग्ण यांत फरक न केल्याने निरोगी वाहकांना नोकरी आणि विमा नाकारला जाऊ लागला. हवाई दलाच्या अकादमीचे दार वाहकांसाठी १९८१ पर्यंत बंद होते. नॉर्थ कॅरोलायना राज्याने १९७५ मध्ये वाहकांना नोकरीत संरक्षण दिले, आणि २००८ मध्ये जनुकीय माहितीवरून नोकरी व आरोग्य विम्यात होणाऱ्या भेदभावाला बंदी घालणारा संघीय कायदा आला.

भारतातील वाहकाला सध्या आधार आहे तो घटनेचा. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात एकमताने सांगितले. सरकारी यंत्रणेने वाहकांची यादी फलकावर लावली किंवा वर्गात मोठ्याने वाचली, तर हा हक्क तिच्याविरुद्ध पुढे करता येतो. समाजातल्या लोकांनीच एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकले, तर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. तो ३ जुलै २०१७ पासून लागू आहे आणि त्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. एखाद्या घराने स्थळ नाकारणे मात्र त्यात येत नाही.

लग्नाविषयीचे गैरसमज वेगळेच आहेत. लग्नाआधी सिकलसेल तपासणी महाराष्ट्रात कायद्याने सक्तीची नाही आणि दोन वाहकांच्या लग्नालाही बंदी नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची २५ टक्के असते. ‘पहिले मूल रुग्ण झाले, आता पुढची तीन सुटली’ हा हिशेब खोटा आहे, कारण प्रत्येक वेळी शक्यता नव्याने तितकीच राहते. वाहकाचा जोडीदार निर्दोष असेल तर सिकलसेलचा रुग्ण जन्माला येत नाही. म्हणून वाहक मुलीला नाकारण्याऐवजी मुलाचे रक्त तपासणे हाच शहाणपणाचा मार्ग, आणि समुपदेशकही तेच सांगतात. गर्भाची सिकलसेल तपासणीही बेकायदा नाही. गर्भलिंग निदानाला बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यानेच हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी गर्भतपासणीला, नोंदणीकृत केंद्रात, परवानगी दिली आहे.

‘नोकरीआधी एचआयव्ही तपासणी मागता येते’

येत नाही. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि या विषयावरचा भारतातला सर्वांत स्पष्ट कायदा तोच आहे. नोकरी, शिक्षण किंवा उपचार देण्यासाठी एचआयव्ही तपासणीची अट घालायला तो मनाई करतो. नोकरीवरून काढणे, उपचार नाकारणे, भाड्याने घर न देणे यालाही बंदी आहे. तपासणीआधी समुपदेशन आणि संमती हवी. न्यायालयाचा आदेश, रक्तपेढीतील रक्ताची चाचणी असे मोजके अपवाद आहेत. हा कायदा खासगी मालकालाही लागू होतो, दिव्यांग कायद्यापेक्षा त्याची धार इथे जास्त आहे. १०० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला आणि २० किंवा अधिक माणसे असलेल्या आरोग्य संस्थेला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्यावर राज्याचा लोकपाल असतो. त्याने तक्रारीवर ३० दिवसांत आणि वैद्यकीय निकड असेल तर शक्यतो २४ तासांत आदेश द्यायचा असतो. या कायद्याच्या वीस वर्षे आधी, १९९७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने एका हंगामी कामगाराच्या प्रकरणात, काम करण्यास सक्षम असलेल्या माणसाला केवळ एचआयव्हीमुळे नोकरी नाकारता येत नाही, असे ठरवले होते.

कुष्ठरोगाबाबत बदल उशिरा झाला. १८९८ चा कुष्ठरोगी कायदा २०१६ मध्ये रद्द झाला आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून १ मार्च २०१९ पासून हिंदू विवाह कायद्यासह इतर वैयक्तिक कायद्यांतून निघाले. ‘कुष्ठरोग झाला तर नवरा सोडू शकतो’ असे आजही सांगितले जाते, ते कायद्याने चूक आहे.

‘वकील परवडत नाही, म्हणून हे हक्क कागदावरच’

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. त्यासाठी गोंदियाच्या जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा लागतो, तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडेही तो देता येतो. दिव्यांग कायद्याखालील तक्रार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे पुण्याला पाठवता येते. तक्रारीसोबत सिकलसेलच्या दोन्ही चाचण्यांचे अहवाल, नाकारल्याचे लेखी पत्र किंवा संदेश, आणि तारीख-वार नोंद जोडावी. तोंडी नकार मिळाला असेल तर त्याच दिवशी अर्ज देऊन पोच घ्यावी, म्हणजे पुढे तीच पोच पुरावा म्हणून चालते.