सोल्यूशनची नशा : ऐकीव आणि खरं

दारू, गांजा, गर्द यांचा धसका घराघरांत आहे. पंक्चरच्या सोल्यूशनचा, थिनरचा, व्हाइटनरचा कुणी घेत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी स्वस्त वस्तू, ती असून असून किती वाईट असणार? या नशेबद्दलचे बहुतेक गैरसमज याच हिशोबातून निघतात.

‘हे फलाटावरच्या पोरांचं व्यसन,’ असं सर्रास म्हटलं जातं. फलाटावर ते आहेच. भूक आणि थंडी मारायलाही तिथली मुलं ते ओढतात. पण दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात ही नशा करणाऱ्यांचं प्रमाण १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के आणि प्रौढांत ०.५८ टक्के निघालं. मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आढळलेली ही एकमेव नशा. शिवाय ही पाहणी घरोघरी फिरूनही झाली, फक्त फलाटावर नव्हे. उपचारांची गरज असलेली मुलं देशात ४.६ लाख, आणि अशी मुलं जास्त असलेल्या राज्यांत महाराष्ट्र आहे.

‘एकदा हुंगलं तर काय होतंय?’ हा समज सर्वांत घातक. मिलर्ड बास या अमेरिकी डॉक्टरने १९७० मध्ये अशा वाफा हुंगणाऱ्या ११० तरुणांच्या अचानक झालेल्या मृत्यूंचा अभ्यास मांडला. या वाफांमुळे हृदय ॲड्रिनलिनच्या बाबतीत भलतंच हळवं होतं. त्या अवस्थेत मूल दचकलं, घाबरलं किंवा धावलं, की ठोके बेताल होऊन मिनिटांत जीव जाऊ शकतो. अगदी पहिल्या वेळीही.

म्हणून रंगेहाथ पकडून दोन ठेवून देणारा बाप त्या क्षणी मुलाचा जीवच धोक्यात घालतो. आवाज चढवू नये, पाठलाग करू नये. मोकळ्या हवेत आणून शांत बसवावं. शुद्ध हरपली पण श्वास चालू असेल तर कुशीवर वळवून १०८ला फोन करावा. श्वासच थांबला असेल तर छातीवर दाब देणं लगेच सुरू करावं. जाब दुसऱ्या दिवशीही विचारता येतो.

‘उतरली की संपली,’ हेही खरं नाही. थिनरमधलं टोल्युइन चरबीत विरघळतं, आणि मेंदूतल्या तंतूंवरचं आवरण स्निग्धच असतं. वर्षानुवर्षं ओढणाऱ्याची चाल लटपटते, स्मरण ढासळतं, कधी कायमचं. सवयही लागते, सोडताना चिडचिड होते, झोप उडते.

काही पालक लघवीच्या तपासणीवर विसंबतात. नेहमीच्या चाचणीत हे सापडत नाही. आपलं नाक आणि डोळेच जास्त कामाचे : कपड्यांना रसायनाचा वास, तोंडाभोवती पुरळ, बोटांवर डाग, दप्तरात कडक झालेला रुमाल.

कायद्याचं म्हणाल, तर बाटलीतल्या व्हाइटनरच्या किरकोळ विक्रीवर २०१२ मध्ये बंदी आली, पेन मात्र चालतं. पंक्चरवाल्याचं सोल्यूशन आणि रंगाऱ्याचं थिनर बंद कसं करणार? अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्यातही ही रसायनं बसत नाहीत. उरते दुकानदाराची नजर आणि आपलं बोलणं. शाळेत ‘कशाकशाने नशा होते’ ही यादी वाचून दाखवणारी व्याख्यानं बंद करावीत, असं माझं स्पष्ट मत आहे; ज्याला माहीत नव्हतं त्यालाही ती पत्ता देतात. ही रसायनं विषारी आहेत, वापरताना खिडकी उघडी ठेवायची, एवढं घरात लहानपणापासून सांगितलं तरी पुष्कळ.

मूल अडकलंच असेल तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे, मुलांसाठी १०९८. दोन्हींना पैसे पडत नाहीत.