रोमचे साम्राज्य नेमके कशाने गेले?

नववीच्या वर्गात एका मुलीने विचारले, "मॅडम, रोमन साम्राज्य इ.स. 476 मध्ये संपले म्हणतात. मग कुरआनातल्या सूरह रूममधले रूमी कोणते?" मुलगी हुशार. त्या प्रश्नातच अर्धे उत्तर होते.

आपण बयानात नेहमी ऐकतो की रोमन लोक ऐषआराम, शराब आणि तमाशांत बुडाले, म्हणून अल्लाहने त्यांचे राज्य काढून घेतले. मीही कित्येक वर्षे मुलांना हेच सांगत आले. पण 395 मध्ये साम्राज्याच्या पूर्व आणि पश्चिम अशा कायमच्या वाटण्या झाल्या. ऐषआराम पूर्वेकडच्या कुस्तुंतुनियाच्या (आजचे इस्तंबूल) दरबारातही काही कमी नव्हता. तरी ते राज्य 1453 पर्यंत, म्हणजे सुलतान मुहम्मद फातेह येईपर्यंत टिकले. मग पश्चिमच आधी का गेली?

376 साली हूणांच्या भीतीने पळालेले गॉथ लोक बायकामुलांसह डॅन्यूब नदीच्या काठी आले आणि त्यांनी आसरा मागितला. सम्राट व्हॅलेन्सने तो दिला. फौजेला जवान मिळतील, हा त्याचा हिशेब. पण नदी ओलांडून आलेल्यांना खायला अन्न नव्हते, आणि रोमन अधिकाऱ्यांनी त्या भुकेचाच धंदा मांडला. कुत्र्याचे मांस द्यायचे आणि बदल्यात गॉथांची मुले गुलाम म्हणून घ्यायची! हे कोणा शत्रूने नव्हे, अमिआनस मार्सेलिनस या रोमन फौजेतून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यानेच लिहून ठेवले आहे. गॉथांनी बंड केले. विकले गेलेले लोक पळून येऊन त्यांना मिळाले. एवढेच नव्हे, कराच्या ओझ्याने पिचलेले सोन्याच्या खाणीतले मजूरही मिळाले आणि लपवलेले धान्य कुठे आहे ते दाखवू लागले. साम्राज्याची प्रजाच शत्रूची वाटाडी झाली. 9 ऑगस्ट 378 रोजी अ‍ॅड्रियानोपलजवळ (तुर्कस्तानातले एदिर्ने) व्हॅलेन्स मारला गेला.

तरी शहाणपण आले नाही. 408 मध्ये पश्चिमेचा सेनापती स्टिलिको याला ठार करण्यात आले. त्याचा बाप व्हँडल वंशाचा होता. पाठोपाठ इटलीच्या शहरांत परक्या वंशाच्या सैनिकांच्या बायकामुलांची कत्तल झाली. हे सैनिक रोमचेच पगारी होते. ते हजारोंनी उठून गॉथांचा सरदार अलारिककडे गेले, आणि 410 मध्ये अलारिकने तीन दिवस रोम लुटले. त्या सैनिकांनी दुसरे काय करायचे होते?

बाकीचे काम पैशाने केले. 439 मध्ये व्हँडलांनी कार्थेज (ट्युनिसजवळ) घेतले. आफ्रिकेचा गहू आणि महसूल गेला, पगाराला पैसा उरला नाही. 476 मध्ये सरदार ओडोअॅसरने रोम्युलस नावाच्या पोराला गादीवरून उतरवले, तेव्हा उतरवण्यासारखे फारसे राहिलेच नव्हते.

सूरह रूममधले रूमी ते हे पूर्वेचे. 614 मध्ये इराण्यांनी त्यांच्याकडून जेरुसलेम घेतले होते. कुरआनाने सांगितल्याप्रमाणे ते थोड्याच वर्षांत पुन्हा जिंकले. 627 मध्ये सम्राट हिरॅक्लियसने निनवेजवळ इराण्यांना हरवले. पण सव्वीस वर्षांच्या लढाईने खजिना रिकामा झाला होता. 636 मध्ये यर्मूकला सीरिया गेला, मग इजिप्त.

इजिप्तमध्ये जुनीच चूक झाली होती. तिथले किब्ती ख्रिस्तीच होते, पण त्यांचा पंथ वेगळा म्हणून कुस्तुंतुनियाने त्यांना छळले. त्यांचे धर्मगुरू बेंजामिन वर्षानुवर्षे लपून राहिले. हजरत अम्र बिन आस (रजि.) यांनी अमान दिल्यावरच ते अलेक्झांड्रियाला परतले.